हापशाचं माहेर

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं घाला बघू घरात सगळ्यांना. एका पायावर उभा. हात एकच, तोही पाठीमागे. हात खाली दाबला की तोंडातून पाणी सांडतो. पावसाळ्यात खूश असतो, उन्हाळ्यात रुसून बसतो. ओळखा कोण?

शहरातली मुलं थोडी अडखळतील, पण खेड्यातल्या मुलांनी कोडं संपायच्या आतच ओरडून सांगितलं असेल, "हापसा!" बरोबर. पुस्तकात त्याला हातपंप म्हणतात, सरकारी कागदावर विंधण विहीर म्हणतात, कुणी नुसतं "बोअर" म्हणतं. आपण हापसाच म्हणू. दांडा धरून हापसायचं, म्हणून हापसा. किती सरळ नाव आहे!

आता दुसरा प्रश्न, हा जरा अवघड आहे. तुमच्या गावातल्या हापशासारखाच हापसा आफ्रिकेतल्या युगांडा देशातली एखादी मुलगी या क्षणी हापसत असेल. तिथं त्याला "यू-टू" म्हणतात. दांडा तसाच, तोटी तशीच, आतली साखळीसुद्धा तशीच. घानात, नायजेरियात, मालीतही याचेच भाऊबंद उभे आहेत. सबंध जगात सगळ्यात जास्त वापरला गेलेला हापसा हाच. तर या हापशाचं माहेर कुठलं? इंग्लंड? अमेरिका? जपान?

त्याचं माहेर आपल्या मराठवाड्यात आहे, जालन्यात! "जालना सोने का पालना" ही म्हण जालन्याच्या माणसांकडून तुम्ही ऐकली असेल. मोसंबीचं जालना, बियाण्यांचं जालना, लोखंडी सळयांचं जालना सगळ्यांना माहीत असतं. हापशाचं जालना मात्र खुद्द जालन्यातही फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून ही गोष्ट.

गोष्टीच्या आधी थोडं मागे जाऊ. हापसे नव्हते तेव्हा लोक पाणी कुठून आणत? नदीच्या वाळूत हातानं खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणत. त्यात पाणी पाझरून येईपर्यंत बसून राहायचं आणि मग वाटीवाटीनं घागर भरायची. गावात आड असे. आडाला पायऱ्या नसतात, दोरीनं पोहरा सोडून पाणी शेंदायचं. आणि बारव असे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. मराठवाड्यात जुन्या, सुंदर, कोरीव दगडांच्या बारवा अजून कितीतरी गावांत आहेत. सहलीला गेलात तर जरूर बघा. पण त्यांच्या पायऱ्यांवरून एक भयंकर पाहुणा गावात शिरत असे. त्याचं नाव नारू.

नारू म्हणजे एक लांबच लांब जंत, पांढऱ्या दोऱ्यासारखा. बारवेत पाणी भरायला उतरलं की पाय पाण्यात बुडतात. ज्याच्या पायात नारू आहे त्याचा पाय पाण्यात बुडाला की नारूची मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. पाण्यात सायक्लॉप्स नावाचे ठिपक्याएवढे जीव असतात, ते ही पिल्लं खातात. दुसरं कुणी तेच पाणी न गाळता प्यालं की सायक्लॉप्स पोटात जातो. तो मरतो, पण पिल्लू मरत नाही. ते शरीरात वाढत राहतं. बरोबर वर्षभरानं, बहुतेक पायावरच, एक फोड येतो. आग आग होते. थंड वाटावं म्हणून माणूस पाय कुठे बुडवतो? पाण्यात! झालं, पुन्हा तेच चक्र सुरू. फोड फुटला की त्यातून नारूचं टोक बाहेर येतं. तो ओढून काढायचा नाही, तुटला तर जखम चिघळते. काडीला गुंडाळत रोज बोट-अर्धं बोट बाहेर काढायचा. असे आठवडेच्या आठवडे! नारू कधी कधी तुमच्यापैकी लहानांच्या उंचीएवढा असतो, जवळजवळ एक मीटर. तोवर ना शेतात जाता येई, ना शाळेत. याच्यावर गोळी नाही, लस नाही. अजूनही नाही.

मग नारू गेला कसा? त्याची वाट अडवून. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं, एवढ्या साध्या गोष्टीनं सायक्लॉप्स अडतो. बारवांच्या पायऱ्या बंद केल्या, म्हणजे पाय पाण्यात जाणार नाही. आणि हापसे बसवले. हापशात पाय बुडवायला जागाच नाही! महाराष्ट्रासह देशातल्या सात राज्यांत हा रोग होता. भारतातला शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. 1986 च्या सुमारास जगात दरवर्षी सुमारे 35 लाख लोकांना नारू होत होता. 2023 साली सगळ्या जगात मिळून फक्त 14 जणांना झाला. औषध नसलेला रोग नुसत्या पाण्याच्या शिस्तीनं इतका हटला, हे मला तर फार मोठं वाटतं. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. साठीच्या पुढच्या माणसांपैकी एखाद्यानं तरी नारू पाहिलेला असेल.

आता हापशाकडे वळू. मराठवाड्याची जमीन वरून काळी मऊ दिसते, पण खाली बेसाल्ट नावाचा काळा कठीण पाषाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून थंड झाला, तोच हा पाषाण. यात पाणी स्पंजासारखं भरून राहत नाही. दगडाला जिथे भेगा असतील, जिथे तो कुजून मुरमाड झाला असेल, तिथेच पाणी मिळतं. (पाणाड्या हातावर नारळ उभा करून पाणी दाखवतो, ते खरं का, असं मला मुलं दरवर्षी विचारतात. नारळाला भूगोल येत नाही, असं मी सांगते.) असा पाषाण पहार-सुरुंगानं फोडून विहीर खणायची तर महिने लागतात. पण 1960 च्या दशकात आपल्याकडे नवी यंत्रं आली. दाबलेल्या हवेच्या जोरावर आतल्या आत ठोकत जाणारा हातोडा दगडाला भोक पाडतो. महिन्यांचं काम एक-दोन दिवसांत! त्याच दशकात बिहारसारख्या राज्यांत मोठा दुष्काळ पडला, तेव्हा युनिसेफनं अशी यंत्रं भारतात आणली. युनिसेफ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची मुलांसाठी काम करणारी संस्था.

भोक पाडलं, खाली पाणीही लागलं. पण भोकाचं तोंड वीतभरसुद्धा नाही. त्यात पोहरा सोडणार कसा? म्हणून वर पंप बसवायचा.

आणि इथे सगळं घोडं अडलं. त्या वेळचे पंप बिडाचे होते. त्यांचा मूळ नमुना युरोप-अमेरिकेतला. तिकडे एका शेतकऱ्याच्या अंगणात, एका कुटुंबासाठी तो पंप असे. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी चार बादल्या, की पंपाला सुट्टी. आपल्याकडे त्याच पंपावर अख्खं गाव! पहाटे चारला पहिली घागर, रात्री दहाला शेवटची. शिवाय दांड्याला लोंबकळून झोका घेणारी तुमच्यासारखी मंडळी वेगळीच. पंप बिचारा महिन्या-दोन महिन्यांत मोडे. 1970 च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा चार पंपांपैकी तीन बंद सापडले. इतका पैसा, इतकी मेहनत, आणि शेवटी बाया पुन्हा झिऱ्यावर!

गावाच्या पंपाला किती काम असतं, याचं गणित आपणच करू. वही घ्या. सरकारी हिशेब असा होता की 250 माणसांमागे एक हापसा आणि माणशी रोज 40 लिटर पाणी. 250 गुणिले 40 म्हणजे 10,000 लिटर. चांगला हापसा मिनिटाला 40 वेळा हापसला तर 12 ते 15 लिटर पाणी देतो. आपण 12 धरू. 10,000 भागिले 12 म्हणजे 833 मिनिटं, म्हणजे जवळजवळ 14 तास. एक मिनिटही न थांबता! आणि दांडा किती वेळा खाली-वर झाला? 833 गुणिले 40. दिवसाला 33,000 च्या वर, वर्षाला एक कोटी वीस लाखांच्या वर. आता सांगा, दोन बादल्यांसाठी बनवलेला पंप याला पुरा पडेल का?

हे जालन्यात ओळखलं गेलं. तेव्हा जालना हा वेगळा जिल्हाही नव्हता. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि परभणी जिल्ह्यांतला भाग काढून 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला. जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन पूर्वीपासून काम करत होतं. मिशनच्या लोकांनी 1960 च्या दशकात आसपासच्या गावांत पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेतले. बोअर घ्यायचा, पंप बसवायचा, पंप मोडायचा, दुरुस्तीला पुन्हा त्याच गावाला जायचं. या येरझाऱ्यांनी कंटाळून त्यांनी बिडाचा नाद सोडला आणि गावाच्या कामाला टिकेल असा पोलादी पंप तयार केला. त्याचं नावच "जालना पंप" पडलं. मग सोलापुरात त्याच्यावर आणखी सुधारणा झाल्या, तो "सोलापूर पंप". 1972 चा दुष्काळ तर तुम्ही घरात ऐकलेलाच असेल. त्या काळात असे बोअर आणि हापसे गावांना फार मोठा आधार ठरले.

या पंपांत असं काय वेगळं होतं? सांगते, पण नुसतं ऐकू नका, करून बघा. एक फूटपट्टी घ्या. तिच्या टोकाला दोरा बांधा, दोऱ्याला खोडरबर लटकवा. पट्टी मधोमध धरून झोपाळ्यासारखी खाली-वर करा. खोडरबर नीट सरळ खाली-वर होतो का? नाही. तो थोडा पुढे-मागेही सरकतो, कारण पट्टीचं टोक गोलाकार फिरतं. जुन्या पंपात नेमकं हेच व्हायचं. दांड्याचं टोक गोल फिरणार, पण बोअरमधल्या लांब सळईनं सरळच चालायला हवं. मग ती सळई मार्गदर्शक भोकावर घासायची, सांधे झिजायचे, खिट्ट्या तुटायच्या. आता पट्टीच्या टोकाऐवजी एक वाटोळी थाळी घ्या. थाळीच्या कडेला दोरा चिकटवा, तो कडेवरून खाली सोडा आणि थाळी थोडी थोडी फिरवा. बघा, दोरा अगदी ओळंब्यासारखा सरळ वर-खाली होतो! हापशाच्या डोक्यात असाच थाळीचा एक तुकडा असतो आणि दोऱ्याच्या जागी सायकलसारखी साखळी. शिवाय दांडा फिरण्यासाठी चार ठिकाणी खिट्ट्या नकोत, एकच आस पुरे, आणि त्या आसाला धूळ-पाणी न शिरणारी बंद बेअरिंग. जालना आणि सोलापूरच्या पंपांतून निघालेल्या कल्पना पुढे अशा पक्क्या झाल्या. वाकायला-तुटायला जागाच कमी ठेवली.

पुढे युनिसेफनं आणि भारत सरकारनं हाच धागा धरला. नवा नमुना तयार करून तमिळनाडूत कोइमतूरच्या भागात त्याची चाचणी घेतली आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी मद्रासमध्ये (आताच्या चेन्नईत) रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात तो मोठ्या संख्येनं बनू लागला. त्याचं नाव ठेवलं "इंडिया मार्क टू". मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती सांगू? या पंपावर कुणी एकट्यानं मालकी सांगितली नाही. त्याची मापं, जाडी, धातू, सगळं भारतीय मानक क्रमांक 9301 मध्ये छापून खुलं केलं. कोणत्याही कारखान्यानं त्या मापानं पंप बनवावा. म्हणून जालन्यातल्या हापशाचा वायसर नागपुरात बनलेल्या हापशाला बसतो. संयुक्त राष्ट्रांनी 1981 ते 1990 हे पाणी आणि स्वच्छतेचं दशक पाळलं, तेव्हा हा पंप देशोदेशी गेला. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे 50 लाख पंप तयार झाले होते.

आता हापशाच्या पोटात डोकावू. तुम्ही रंगपंचमीला पिचकारी वापरता ना? तसाच प्रकार. पार खाली, पाण्यात बुडालेली एक जाड नळी असते. तिच्यात दट्ट्या. दट्ट्याला कातडी किंवा रबरी वायसर आणि दोन झडपा, एक दट्ट्यात, एक नळीच्या तळाशी. तुम्ही दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो, वरचं पाणी उचलतो आणि तळाची झडप उघडून खालून नवं पाणी आत घेतो. दांडा वर गेला की दट्ट्या खाली जातो, तळाची झडप मिटते, दट्ट्याची उघडते आणि पाणी वरच्या बाजूला येतं. प्रत्येक वेळी साधारण एक तांब्याच्या आत-बाहेर. पाणी 100 फुटांवर असेल तर दट्ट्यावर शंभर किलोच्या वर भार पडतो. शंभर किलो! मग सहावीतली मुलगी ते उचलते कशी? तरफेमुळे. तुमच्या बाजूचा दांडा साखळीच्या बाजूपेक्षा आठपट लांब आहे. म्हणून तिला बारा-पंधरा किलोचाच जोर लावावा लागतो. तरी म्हणते मी, तोही काही थोडा नाही. पाचवी-सहावीची पोर शाळेत यायच्या आधी आठ-दहा घागरी भरून आलेली असेल तर पहिल्या तासाला तिला डुलकी लागणारच.

पण थांबा. हापसा आहे म्हणजे पाणी शुद्धच, असं समीकरण मांडू नका. त्यासाठी एक लंडनची गोष्ट ऐका. 1854 साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. थोड्या दिवसांत सहाशेवर माणसं दगावली. तेव्हा लोकांना वाटे, हा रोग घाण वासातून होतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला हे पटेना. तो घरोघरी फिरला. कोण वारलं, ते पाणी कुठलं पीत होते, हे विचारत गेला. बहुतेक सगळे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशाचं पाणी पीत होते! सप्टेंबर महिन्यात त्या हापशाचा दांडाच काढून ठेवण्यात आला. पुढे तपास केला तेव्हा कळलं, त्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर एका घराचा मैल्याचा खड्डा होता. त्या घरातलं तान्हं बाळ आजारी होतं आणि त्याची दुपटी धुतलेलं पाणी त्या खड्ड्यात ओतलं जात होतं. पाणी दिसायला स्वच्छ होतं, चवीलाही गोड होतं.

म्हणून पिण्याचं पाणी आणि संडास या दोन गोष्टी एकाच धड्यात शिकायच्या असतात. हापशापासून संडासाचा खड्डा किमान 50 फूट तरी दूर हवा असं साधारण धरतात, आणि आपल्या भेगाळ पाषाणात तर जितका दूर तितका चांगला. भेगेतून पाणी कुठून कुठे जाईल, सांगता येत नाही. हापशाभोवती सिमेंटचा ओटा का असतो? बसून गप्पा मारायला नव्हे. सांडलेलं पाणी पुन्हा बोअरच्या कडेनं आत झिरपू नये म्हणून. ओट्याला तडा गेला, बाजूला डबकं साचलं, त्यात म्हैस बसली, की ब्रॉड स्ट्रीट आपल्या गावात आलाच समजा. सांडपाणी नालीनं दूर नेऊन शोषखड्ड्यात सोडायचं किंवा परसबागेला द्यायचं. सरकारी माणसं पावसाळ्याआधी आणि नंतर गावातल्या पाण्याच्या जागा तपासतात आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. लाल म्हणजे धोका. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. विचारायला वय लागत नाही.

दुरुस्तीचंही असंच. हापसा बिघडला की पंचायत समितीचं दुरुस्ती पथक येतं. येईपर्यंत किती दिवस जातात, हे तुम्हालाच ठाऊक. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात 1990 च्या दशकात खेड्यातल्या बायका हे काम शिकल्या. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाने-पकडी घेऊन त्या स्वतः हापसे उघडायच्या, वायसर बदलायच्या. ज्यांना पाणी भरायचं असतं त्यांनाच दुरुस्तीची घाई असते, हे साधं आहे. गंमत म्हणजे मार्क टूमध्ये एक वायसर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागत. म्हणून पुढे मार्क थ्री निघाला. त्यात पाइप जागेवर ठेवून नुसती सळई ओढून दट्ट्या बाहेर काढता येतो.

आता उन्हाळ्यातल्या रुसव्याचं बघू. मार्क टू साधारण 150 फूट खोलीपर्यंतचं पाणी नीट उचलतो. त्याखाली पाणी गेलं की दांडा नुसता खडखडतो. हापसा धडधाकट असतो, पाणीच खाली गेलेलं असतं. ते का गेलं? पाऊस कमी झाला, हे एक कारण. 2012 सालच्या दुष्काळात आपला जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी एक होता. गावोगाव टँकर, आणि मोसंबीच्या बागा जळताना लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. पण दुसरं कारण आपण स्वतः आहोत. बागेसाठी एकानं 300 फूट बोअर घेतला, शेजाऱ्यानं 500 फूट घेतला. विजेची मोटर रात्रंदिवस चालते, हाताचा दांडा तिच्याशी काय स्पर्धा करणार? भेगेतलं पाणी काही सातबारा बघून थांबत नाही. महाराष्ट्रात 1993 साली कायदाच झाला होता की पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही. कायदा चांगला होता, आणि आज त्याच्या जागी नवा कायदाही आलेला आहे. पण 500 मीटर मोजायला टेप घेऊन कुणी आलेलं मी तरी कुठल्या शिवारात पाहिलेलं नाही.

याच जिल्ह्यात दुसरंही पाहायला मिळतं. जालन्याजवळ कडवंची नावाचं गाव आहे. तिथं 1990 च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचं काम झालं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, नाल्यावर बंधारे. धावणारं पाणी चालायला लावायचं, चालणारं थांबवायचं आणि थांबलेलं जिरवायचं. पुढे शेततळी झाली आणि 2012 च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा तगल्या. शेततळ्याबद्दल मात्र एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाचं वाहतं पाणी अडवून तळं भरलं तर फायदा. जमिनीतलंच पाणी मोटरीनं उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात ठेवलं तर ते एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातल्यासारखं, आणि वर उन्हानं वाफ होऊन जाईल ते वेगळंच.

2019 पासून जल जीवन मिशन आलं आहे. घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, असं त्याचं उद्दिष्ट. नळ आलाच पाहिजे, डोक्यावरची घागर उतरलीच पाहिजे. पण नळाच्या पाइपाचं दुसरं टोक कुठे असतं, ते शोधा. पुष्कळ गावांत ते गावाजवळच्या विहिरीतच असतं, म्हणजे पुन्हा त्याच पाषाणातल्या भेगेत.

आणि जगाचं काय? 2024 सालच्या आकड्यांनुसार जगात सुमारे 210 कोटी लोकांना घरात, हवं तेव्हा, सुरक्षित पाणी मिळत नव्हतं. म्हणजे दर चार माणसांत एक. त्यातले 10 कोटींहून जास्त लोक थेट नदी-ओढ्या-तळ्यातलं पाणी पीत होते. सुरक्षित संडासाची सोय नसलेले तर सुमारे 340 कोटी. तुमच्या वर्गात 40 मुलं असतील तर त्यातली 10 मुलं उभी करा. पाण्याचे एवढे. मग आणखी सहा-सात उभी करा. संडासाचे एवढे.

आता या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या जवळचा हापसा शोधा. त्यावर मानकाचा क्रमांक कोरलेला आहे का ते पाहा. ओट्याला तडे आहेत का, पाणी कुठे वाहून जातं, जवळ उकिरडा किंवा संडास किती पावलांवर आहे, ते मोजा. मग एक घागर भरायला किती वेळा हापसावं लागतं, ते मोजून लिहा. पहिलं पाणी यायला किती वेळा दांडा रिकामा हलवावा लागला, तेही वेगळं लिहा. तो आकडा मे महिन्यात पुन्हा घेऊन आताच्या आकड्याशी ताडून पाहा. नळ असलेल्यांनी आपला नळ कुठल्या विहिरीतून येतो त्याचा नकाशा काढा. आणि आजीला नारूबद्दल विचारायला विसरू नका. पत्रं वेळेवर पाठवा, निवडक आपण छापू. आणि हो, हापशावर मोजायला जाल तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या बायांना आधी पाणी भरू द्या, नाहीतर तुमची मोजदाद आणि तुमची वही दोन्ही ओली व्हायची!